मागच्या चाकाचे ब्रेक पॅड बदलताना

समजा, तुम्हाला कोणी विचारले, ‘ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एकदा थांबवली, तर तेवढ्यात किती पाणी उकळीला येईल?’ तर तुम्ही हसाल. मोटार थांबवण्याचा आणि पाणी उकळण्याचा संबंध काय, असे म्हणाल. पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सोपे आहे. जवळजवळ एक लिटर!

हिशेब करून पाहा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. माणसांसकट मोटारीचे वस्तुमान १,५०० किलोग्रॅम धरू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. म्हणजे १,५०० × २० × २० ÷ २ = ३,००,००० ज्यूल. आता एक लिटर पाणी २५ अंश सेल्सियसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३,१४,००० ज्यूल लागतात. दोन्ही आकडे किती जवळ आहेत पाहा.

वाटेत मोटार थांबली तेव्हा ही ऊर्जा नाहीशी झाली नाही. ऊर्जा कधीच नाहीशी होत नाही, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. ब्रेकने तिचे उष्णतेत रूपांतर केले, एवढेच. हे रूपांतर करताना जो भाग स्वतः कणाकणाने झिजत जातो, त्याचे नाव ब्रेक पॅड. तो झिजून संपत आला की बदलावा लागतो. हे काम घरच्या अंगणातही करता येते. आज आपण मोटारीच्या मागच्या चाकाचे पॅड कसे बदलतात ते पाहणार आहोत. पाना हातात घेतल्यापासून तो खाली ठेवीपर्यंत तुमच्या पाठ्यपुस्तकातला कोणता ना कोणता नियम तुमच्याबरोबर असेल. आणि शेवटी एक पायरी अशी आहे, की ती विसरली तर बाकी सर्व काम बिनचूक होऊनही मोटार थांबणार नाही.

मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. ब्रेकचे काम म्हणजे जिवाशी गाठ. तुम्ही विद्यार्थी असाल तर हे काम एकट्याने करू नका. ज्याने ते पूर्वी केले आहे अशा जाणत्या माणसाजवळ उभे राहा, त्याला मदत करा आणि प्रत्येक पायरीला ‘असे का?’ हा प्रश्न विचारा.

तबकडी, चिमटा आणि पॅड

सायकलचा ब्रेक तुम्ही पाहिलाच आहे. मूठ दाबली की रबराचे दोन ठोकळे चाकाच्या कडीला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. डिस्क ब्रेकची युक्ती हीच आहे. चाकाबरोबर बिडाची एक गोल तबकडी फिरत असते, तीच डिस्क. तिच्या एका कडेला मिठीत घेणारा एक भक्कम चिमटा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. चिमट्याच्या दोन जबड्यांत दोन पॅड बसवलेले असतात. पॅड म्हणजे पोलादाची पाठपट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला, घर्षणासाठी खास तयार केलेला, सुमारे १० मिलिमीटर जाडीचा थर.

ही कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण ती सर्वमान्य व्हायला अर्धे शतक जावे लागले. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची प्रसिद्ध शर्यत डिस्क ब्रेक बसवलेल्या जग्वार मोटारीने जिंकली, आणि १९५५ मध्ये सित्रोएन कंपनीच्या ‘डीएस’ या मोटारीत पुढच्या चाकांना ते आले.

त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षे, सगळीकडे ड्रम ब्रेक असत. आपल्याकडच्या अनेक लहान मोटारींच्या मागच्या चाकांना ते आजही असतात. ड्रममध्ये घर्षण होते ते बंद डब्याच्या आत, त्यामुळे उष्णता आत कोंडून राहते. डिस्क मात्र उघड्या हवेत फिरते आणि तापली तरी लवकर निवते. तिचा मोठा गुण तो हाच.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा जातो?

सतराव्या शतकात ब्लेझ पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितले, की कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. मोटारीचा ब्रेक या एका वाक्यावर उभा आहे.

तुम्ही ब्रेकच्या पायट्यावर २०० न्यूटन जोर दिला असे समजू. पायटा ही एक तरफ आहे. ती हा जोर समजा चौपट करते, तो झाला ८०० न्यूटन. इंजिनाच्या निर्वातावर किंवा विजेवर चालणारे एक साहाय्यक यंत्र तो आणखी तिप्पट करते, म्हणजे २,४०० न्यूटन. हा जोर मुख्य सिलिंडरातल्या दट्ट्यावर, म्हणजे पिस्टनवर, पडतो. त्या दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर आणि कॅलिपरमधल्या दट्ट्याचा ४० मिलिमीटर धरला, तर व्यास दुप्पट म्हणून क्षेत्रफळ चौपट. दाब दोन्हीकडे सारखाच, म्हणून जोरही चौपट. २,४०० चे ९,६०० न्यूटन झाले. सुमारे एक टन वजनाचा भार पॅडवर ठेवल्यासारखेच हे आहे. आणि सुरुवात झाली होती पायाच्या २०० न्यूटनांपासून!

पण निसर्ग फुकट काही देत नाही. तरफेने आणि द्रवाने जोर वाढवला त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. वरच्या उदाहरणात तरफ चौपट आणि दट्टे चौपट, म्हणजे सोळापट. कॅलिपरचा एक दट्ट्या १ मिलिमीटर पुढे सरकायला पायटा १६ मिलिमीटर खाली जावा लागतो. चार चाकांचे चार दट्टे सरकवायचे असतील तर त्याहून बराच अधिक. म्हणूनच पॅड आणि डिस्क यांमधली फट अगदी केसाएवढीच असावी लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी तिच्याशीच गाठ आहे.

ही फट इतकी लहान राखतो कोण? एक साधे रबरी कडे! दट्ट्याभोवती चौकोनी छेदाचे हे कडे घट्ट बसलेले असते. ब्रेक दाबला की दट्ट्या पुढे सरकतो आणि कडे थोडेसे पिळले जाते. पाय काढला की कडे मूळ आकारात येते आणि दट्ट्याला किंचित मागे ओढते. बस्स, तेवढीच फट. पॅड झिजला की दट्ट्या कड्यातून थोडा पुढे घसरतो आणि तिथून पुढे नव्या जागेवरून तोच खेळ सुरू होतो. म्हणून पॅड कितीही झिजला तरी फट तेवढीच राहते आणि चालवणाऱ्याच्या पायाला काहीच कळत नाही.

पायाला कळत नाही, पण टाकीला कळते. कॅलिपर आपल्या दोन पिनांवर सरकतो आणि दट्ट्या एकाच बाजूला असतो. त्यामुळे दोन्ही पॅड ८-८ मिलिमीटर झिजले, तर दट्ट्या १६ मिलिमीटर बाहेर आलेला असतो. ४० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यामागे तेवढी पोकळी भरायला सुमारे २० घनसेंटिमीटर ब्रेक ऑइल लागते. दोन्ही मागच्या चाकांचे मिळून ४० घनसेंटिमीटर. ते बॉनेटखालच्या छोट्या टाकीतून येते. टाकीतली पातळी हळूहळू खाली गेली तर पॅड झिजले असण्याची ती खूण असते. अर्थात ऑइल गळत तर नाही ना, हेही त्याच वेळी पाहायचे.

मागचे चाक वेगळे का?

बसमध्ये उभे असताना चालकाने अचानक ब्रेक मारला की तुम्ही पुढे झुकता. मोटारीचेही तसेच होते. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर अडीच मीटर धरू. सेकंदाला ६ मीटर या दराने वेग कमी होत असेल, तर मागच्या चाकांवरचा सुमारे १,८०० न्यूटन भार पुढच्या चाकांवर जातो. म्हणजे १८० किलोहून थोडे अधिक वजन मागून उचलून पुढे ठेवल्यासारखे! भार कमी तर रस्त्याची पकडही कमी. म्हणून जोरात ब्रेक लावताना बहुतेक काम पुढची चाके करतात. मागच्या चाकांनी गरजेपेक्षा जास्त जोर लावला तर ती घसरू लागतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरू शकते. तरीही मागचे पॅड झिजतातच, आणि काही आधुनिक गाड्यांत तर ते पुढच्यांच्या आधी संपतात.

मागच्या चाकाकडे आणखी एक काम असते, ते म्हणजे उभी गाडी जागेवर धरून ठेवण्याचे, हँड ब्रेकचे. ऑइलच्या दाबावर हे काम सोपवत नाहीत, कारण रात्रभरात तो दाब हळूहळू उतरू शकतो. म्हणून पुष्कळ गाड्यांत मागच्या दट्ट्याच्या पोटात एक आटेदार दांडा असतो. हँड ब्रेक ओढला की तार ताणली जाते आणि तो दांडा दट्ट्याला यांत्रिक रीतीने पुढे ढकलतो.

गंमत पुढेच आहे. नवे पॅड जाड असतात. ते बसावेत म्हणून बाहेर आलेला दट्ट्या पुन्हा आत घालावा लागतो. पुढच्या चाकाचा दट्ट्या सरळ दाबला की आत जातो. मागचा, आटेदार दांड्याचा, तसा जात नाही. नटबोल्टचा नट नुसता ढकलून बोल्टवर चढेल का? तो फिरवावाच लागेल. हा दट्ट्याही फिरवतच आत न्यावा लागतो. त्याच्या तोंडावर खाचा असतात त्या याचसाठी. जोर करून दाबला तर आतले आटे आणि नाजूक जोडणी मोडते, आणि शंभर रुपयांच्या घाईपायी अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

सगळ्या गाड्यांत मात्र असे नसते. काहींत हँड ब्रेकसाठी डिस्कच्या मध्यभागी छोटा वेगळा ड्रम असतो, तिथे दट्ट्या सरळ आत जातो. हल्लीच्या काही गाड्यांत तारेऐवजी कॅलिपरवर विजेची छोटी मोटर असते. तिथे आधी गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे किंवा तपासणी यंत्र जोडून ती मोटर ‘दुरुस्ती’च्या स्थितीत मागे न्यावी लागते. तसे न करता दट्ट्याला हात लावू नये, आणि पॅड काढलेले असताना त्या ब्रेकचे बटन दाबू नये. आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे, हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

आता कामाला लागू

जागा सपाट आणि कठीण हवी. उतार किंवा भुसभुशीत माती नको. मागचे काम असल्यामुळे हँड ब्रेक सोडलेलाच ठेवावा लागतो. म्हणजे गाडीला धरून ठेवणारी नेहमीची गोष्टच आपण काढून घेतो! गिअर पहिल्यात घालतात, पण ज्या गाडीची मागची चाके इंजिनाने फिरतात तिथे गिअरचा धरही मागच्या चाकांवरच असतो आणि चाके उचलताच तो सुटतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, लाकडाच्या पाचरी घट्ट लावाव्यात.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. चाक वर उचलल्यावर पान्याला जोर दिला तर नटाऐवजी चाकच फिरते, आणि गाडी जॅकवरून घसरण्याची भीती असते. नंतर पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचलावी आणि लगेच तिच्याखाली पोलादी जॅक स्टँड ठेवून भार त्यावर घ्यावा. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, आधाराचे नव्हे. विटांचा आधार तर कधीच घेऊ नये. वीट सगळीकडून सारखा दाब सोसते, पण एका टोकावर भार आला की अचानक फुटते. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवले तर तो आणखी एक पहारेकरी होतो. काहीही झाले तरी अंगाचा कोणताही भाग गाडीखाली नेऊ नये.

कामाला एका वेळी एकच बाजू घ्यावी. दुसरी बाजू तशीच राहिली की कोणता भाग कसा होता हे विसरल्यास पाहता येते. पॅड मात्र नेहमी दोन्ही बाजूंचे बदलावेत. एकीकडे नवा आणि दुसरीकडे जुना असला तर दोन्हीकडचे घर्षण सारखे राहत नाही आणि ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते.

कॅलिपर दोन पिनांवर बोल्टने बसवलेला असतो. बोल्ट काढले की तो अलगद उचलता येतो. त्याला ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. त्या नळीवर वजन सोसण्याचे काम दिलेले नाही, ती आतून चिरली तर बाहेरून दिसणारही नाही. तारेच्या तुकड्याने कॅलिपर वर टांगून ठेवावा.

आता जुने पॅड बाहेर काढा आणि मोजपट्टीने घर्षणाच्या थराची जाडी मोजा. थर सुमारे ३ मिलिमीटर उरला असेल तर बदलण्याची वेळ आली. अनेक पॅडना पोलादाची एक वाकडी पट्टी असते. थर फार पातळ झाला की ती डिस्कला घासते आणि चालता चालता कर्कश ‘चीं’ असा आवाज येतो. हा आवाज मुद्दाम ठेवलेला आहे, तो पॅडचा निरोप असतो. तोही ऐकला नाही तर पाठपट्टीचे पोलाद डिस्कवर घासू लागते, डिस्कवर खोल चरे पडतात आणि ब्रेक लागायला वेळ लागतो. डिस्कचीही जाडी पाहावी. ती कमीत कमी किती असावी हे बहुधा डिस्कवरच कोरलेले असते.

काळी धूळ दिसेल ती तोंडाने फुंकू नका, हवेच्या झोताने उडवूही नका. पूर्वी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस वापरीत. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनंतर जीवघेणे आजार होतात. आज नव्या पॅडमध्ये ते नसले, तरी जुन्या गाडीत काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आणि कोणतीही बारीक धूळ फुप्फुसाला वाईटच. नाकातोंडावर चांगला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसणे हा सोपा उपाय आहे.

सरकणाऱ्या पिना पुसून त्यांना ब्रेकसाठीचेच खास ग्रीस लावावे. साध्या ग्रीसमधील खनिज तेलाने तिथले रबर फुगते आणि पिना अडकतात. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही आणि एकच पॅड झिजत राहतो. मात्र पॅडच्या घर्षणाच्या बाजूला आणि डिस्कला ग्रीसचे बोटही लागू देऊ नका. आपण घर्षण विकत घेतले आहे, ते ग्रीसने पुसून टाकायचे नाही!

दट्ट्या आत आणि ऑइल वर

दट्ट्या फिरवण्यापूर्वी बॉनेट उघडून टाकीतली पातळी पाहा. मघाचा हिशेब आठवतो ना? दट्ट्या आत गेला की प्रत्येक चाकामागे २० घनसेंटिमीटर ऑइल उलट वाटेने टाकीत परत येणार. मधल्या काळात कोणी पातळी खाली गेली म्हणून टाकी काठोकाठ भरली असेल, तर आता ती उतू जाईल. ब्रेक ऑइल मोटारीच्या रंगाला खाऊन टाकते. म्हणून टाकी भरलेली असेल तर थोडे ऑइल स्वच्छ पिचकारीने आधीच काढून घ्यावे. सांडलेच तर भरपूर पाण्याने लगेच धुवावे.

मग दट्ट्याच्या तोंडावरच्या खाचांत बसणारे साधन लावून, हलका दाब देत, तो सावकाश फिरवीत आत न्यावा. बहुतेक गाड्यांत तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, काहींत डाव्या आणि उजव्या चाकांची दिशा वेगळी असते. पुस्तिका पाहावी, अंदाज करू नये. भोवतीचे रबरी आवरण पिळले जात नाही ना, यावर लक्ष असू द्यावे. काही गाड्यांत पॅडच्या पाठीवर छोटा खुंट असतो, तो दट्ट्याच्या खाचेत बरोबर बसेल अशा स्थितीत दट्ट्या थांबवावा.

नवे पॅड, घर्षणाची बाजू डिस्ककडे करून, जागेवर बसवा. हे सांगायला नको असे वाटेल, पण सांगितलेले बरे. कॅलिपर उतरवा, बोल्ट लावा आणि पुस्तिकेत दिलेल्या आघूर्णाएवढे टॉर्क पान्याने आवळा. कमी आवळला तर बोल्ट सुटेल, जास्त आवळला तर आटे ताणले जातील. चाक बसवून नट समोरासमोरचे, ताऱ्याची आकृती काढावी तसे आवळा. गाडी खाली घेऊन ते पुन्हा एकदा पुस्तिकेतल्या मापाने पक्के करा.

पहिला पाय रिकामा!

सर्व काही जागेवर बसले. हात काळे झाले, मन खूष झाले. आता गाडी सुरू करून एक फेरी मारावी असे कोणालाही वाटेल. थांबा! मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट ती हीच.

आपण दट्टे आत ढकलले आहेत. पॅड आणि दट्ट्या यांच्यात आता केसाएवढी नव्हे, तर कदाचित ३ मिलिमीटरची फट आहे. ती भरून काढायला किती ऑइल लागेल? ४० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस सेंटिमीटर. ते गुणिले ०.३ सेंटिमीटर, म्हणजे पावणेचार घनसेंटिमीटर. दोन चाकांचे साडेसात. आणि मुख्य सिलिंडर एका दमात किती देऊ शकतो? त्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव ३ सेंटिमीटर धरली, तर सुमारे साडेनऊ घनसेंटिमीटर, तेही चारही चाकांसाठी मिळून! खऱ्या गाडीत सुरक्षिततेसाठी ऑइलचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, इथे हिशेब सोपा ठेवला आहे. पण निष्कर्ष तोच. पहिल्यांदा पाय दिला की तो जमिनीला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही, किंवा फारच कमी लागतो. सगळे ऑइल फट भरण्यात खर्च होते, दाब निर्माण व्हायला काही उरतच नाही.

अशा वेळी गाडी फाटकातून बाहेर निघत असेल आणि समोर एखादे मूल आले तर? म्हणून गाडी जागची हलवण्यापूर्वी, इंजिन बंद असतानाच, पायटा सावकाश पुन्हा पुन्हा दाबा. पहिला पाय रिकामा जाईल, दुसरा थोडा कमी, आणि काही वेळांनंतर पायटा घट्ट होईल. मग हँड ब्रेक चार-पाच वेळा ओढून सोडा, म्हणजे आतली आटेदार यंत्रणाही आपल्या जागी येईल. टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, पाहा. पायटा घट्ट न होता स्पंजासारखा लिबलिबीत लागला, तर ऑइलमध्ये हवा शिरली आहे असे समजा. हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. ती हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये. हे घरी जमत नसेल तर मेकॅनिकला घरी बोलवावे, गाडी त्याच्याकडे चालवत नेऊ नये.

सुरुवातीचे दोनशे-तीनशे किलोमीटर नव्या पॅडना जपावे. मोकळ्या रस्त्यावर, ताशी ५० किलोमीटरपासून १० पर्यंत, हलक्या पायाने काही वेळा वेग कमी करावा आणि मध्ये ब्रेक निवू द्यावेत. त्यामुळे पॅडमधील द्रव्याचा पातळ सारखा लेप डिस्कवर चढतो आणि पकड पूर्ण मिळते.

घाट उतरताना

आता पुन्हा उष्णतेकडे वळू. चार डिस्क प्रत्येकी ६ किलोच्या धरल्या, तर ताशी ७२ किलोमीटरवरून एकदा थांबताना त्या सुमारे २७ अंशांनी तापतात. त्यात काही भय नाही. पण पाचगणीहून पसरणीच्या घाटाने वाईला उतरणारी हीच मोटार साडेपाचशे मीटरांहून अधिक खाली येते. तिची ८० लाखांहून अधिक ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. असे २७ वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे! ती सारी ब्रेकवरच टाकली आणि डिस्कना निवायला वेळ दिला नाही, तर त्या लालबुंद होतील.

पॅड अति तापले की त्यांचे घर्षण उतरते. आणि ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषून घेते हे आणखी वाईट. ‘डॉट ३’ जातीचे नवे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय पुन्हा रिकामा! म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे, आणि घाट उतरताना खालचा गिअर ठेवून काही ऊर्जा इंजिनाला घेऊ द्यावी.

वर्गात करून पाहा

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना दोन प्रयोग सुचवतो. सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्या, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. दोन्हींत रंगीत पाणी भरून त्या पारदर्शक नळीने जोडा. एका विद्यार्थ्याने लहान आणि दुसऱ्याने मोठी दाबावी. कोण हरतो, आणि कोणाचा दट्ट्या जास्त सरकतो? दोन्ही दट्ट्यांचे व्यास मोजून उत्तर आधीच काढा आणि मग ताडून पाहा. नंतर नळीत मुद्दाम हवेचा एक बुडबुडा सोडून तोच प्रयोग करा. स्पंजासारखा पायटा म्हणजे काय, ते बोटांना कळेल.

दुसरा प्रयोग सायकलचा. चाकाची कडी धरणारे ब्रेक असलेली सायकल उलटी करून ठेवा, चाक जोरात फिरवा आणि ब्रेक दाबून थांबवा. असे लागोपाठ वीस वेळा करा. मग, चाक पूर्ण थांबल्यावरच, रबराच्या ठोकळ्याला बोट लावून पाहा. चाकाची गती कुठे गेली, हे बोटच सांगेल.

घरी किंवा ओळखीच्या कोणाकडे मोटार असेल, तर आज एवढेच करा. गाडी उभी आणि थंड असताना चाकाच्या आऱ्यांमधून डोकावून पॅडची जाडी पाहा, बॉनेट उघडून ऑइलची पातळी पाहा, आणि दोन्ही वहीत तारखेसकट लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. पॅड किती झिजले आणि पातळी किती उतरली, यांचा मेळ बसतो का ते तुम्हीच काढा. मेळ बसला नाही, पातळी हिशेबापेक्षा जास्त उतरली असली, तर ऑइल कुठेतरी गळते आहे. हे घरच्या मोठ्या माणसांना त्याच दिवशी सांगा.